कडाक्याच्या थंडीत घोडा सांभाळताना: पहिल्या हिवाळ्याची तयारी

घोड्यासोबतचा पहिला हिवाळा जवळ आला की नवखा माणूस सगळ्यात आधी ब्लँकेट शोधायला निघतो. आपल्याला हुडहुडी भरली म्हणजे घोड्यालाही भरली असणार, असा त्याचा सरळ हिशेब असतो. तो चुकतो. अंगावर पूर्ण हिवाळी केस आलेला, पोटभर वैरण मिळणारा, कोरडा आणि धडधाकट घोडा साधारण उणे आठ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी जास्तीची ऊर्जा न जाळता काढतो. थंडीला सरावलेले घोडे त्याहून खालीही निभावून नेतात. तोच घोडा भिजला आणि वर वारा सुटला, तर शून्याच्या वर पाच अंशांतसुद्धा कुडकुडायला लागतो.

हिवाळ्यात घोडे अडचणीत येतात ते पाणी कमी प्यायल्याने, भिजल्याने, गोठलेल्या जमिनीवर घसरल्याने आणि आपण प्रेमापोटी दारं-खिडक्या लावून कोंडलेल्या हवेने. म्हणून खाली पाणी आणि वैरण आधी आहे, ब्लँकेट बरंच नंतर. हाताशी वेळ किंवा पैसा कमी असेल तर तोही याच क्रमाने खर्च करा.

सगळे आकडे ५०० किलो वजनाच्या, पूर्ण वाढ झालेल्या आणि फारसं काम नसलेल्या घोड्याचे आहेत. तट्टू असेल तर वजनाच्या प्रमाणात कमी करा. शिंगरू आणि गाभण घोडी यांचं गणित वेगळं असतं, त्यासाठी आपल्या पशुवैद्यांशी बोला.

१. थंडीच्या दीड-दोन महिने आधी: घोडा हाताने तपासा

दाट हिवाळी केसांखाली काय चाललंय ते डोळ्यांना कळत नाही. लांबून गुबगुबीत दिसणारा घोडा केसांखाली हाडांचा सापळा झालेला असू शकतो, आणि हे लक्षात येईपर्यंत निम्मा हिवाळा सरतो. त्यामुळे दर आठ-पंधरा दिवसांनी बरगड्यांवर हात फिरवायची सवय आत्तापासूनच लावा. पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे तळहात सपाट टेकवा आणि हलक्या दाबाने मागे सरकवत न्या. आता स्वतःची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यावरून फिरवा. बरगड्या मुठीच्या टोकदार सांध्यांसारख्या लागत असतील तर घोडा वाळलाय. हाताच्या पंजाच्या पाठीसारख्या, म्हणजे थोडं मांस आणि खाली हाड असं लागत असेल तर ठीक. दाबूनही बरगडी सापडत नसेल तर चरबी जास्त आहे.

अमेरिकेतल्या डॉन हेनेकी यांनी १९८३ साली मांडलेली १ ते ९ गुणांची पट्टी (१ म्हणजे अगदी वाळलेला, ९ म्हणजे फार लठ्ठ) यासाठी जगभर वापरतात. हिवाळ्यात शिरताना घोडा ५ ते ६ गुणांवर असावा. म्हातारा किंवा वजन पटकन उतरणारा घोडा असेल तर ६ च्या बाजूला झुकलेला बरा. भर थंडीत वजन वाढवणं फार जड जातं. वाढवायचं असेल तर आत्ताच वाढवा.

याच काळात आणखी तीन कामं उरकून घ्या. दात तपासून, टोकदार कडा घासून घ्या; गव्हाणीपाशी चघळून टाकलेले गवताचे ओले बोळे दिसत असतील तर हे काम आधीच लांबलंय असं समजा. लिदीची तपासणी करून पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंताचं औषध द्या. आणि नालबंदाला हिवाळ्यात कोणकोणत्या दिवशी यायचंय ते आत्ताच विचारून ठेवा, कारण बर्फ पडल्यावर सगळ्यांनाच त्याची आठवण होते.

केसांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. हिवाळी केस येतात ते मुख्यतः दिवस लहान होऊ लागल्यामुळे, थंडी वाढल्यामुळे नव्हे. तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर घोड्याच्या अंगाला हिवाळा आल्याची खबरच नीट लागत नाही. उबदार प्रदेशातून नुकताच आलेला घोडाही पहिल्या वर्षी तोकड्या केसांनिशी थंडीत सापडतो. असा घोडा तुमच्याकडे असेल तर पुढचा ब्लँकेटचा भाग जास्त लक्ष देऊन वाचा.

२. हाताशी असावं असं सामान

- महिनाभराहून जास्त पुरेल इतकी वैरण, छपराखाली, जमिनीपासून उंच फळ्यांवर रचलेली
- वैरण तोलायला काटा (सामान तोलायचा टांगता काटाही चालतो)
- बर्फ फोडायला हातोडा, तुकडे काढायला मोठा झारा किंवा चाळणी
- रबरी घमेली आणि बादल्या. पातळ प्लॅस्टिकच्या थंडीत तडकतात
- पाणी गरम ठेवणारी, जनावरांसाठीच बनवलेली बादली किंवा हीटर
- खूर साफ करायची आकडी, आणि ती हरवणारच म्हणून दुसरी
- एक जलरोधक पण हवा खेळणारं ब्लँकेट आणि घाम टिपणारं लोकरीचं किंवा फ्लीसचं पांघरूण
- रेती किंवा लाकडाची राख, पोत्यांत भरून कोरडी ठेवलेली
- थर्मामीटर, स्टेथोस्कोप, जखमेचं सामान
- डोक्याला लावायचा दिवा आणि जादा बॅटऱ्या
- जाड दोरी, फावडं, वीज गेली तर चालणारी पाण्याची सोय

औषधं तबेल्यात ठेवू नका. पातळ औषधं आणि जंताची पेस्ट गोठली की निकामी होऊ शकते. घरात एक डबा करा आणि लागेल तेव्हा घेऊन जा.

३. पाणी: सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या

घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं. हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे चरणाऱ्या घोड्याची निम्मी तहान कुरणातच भागते. वाळलेल्या गवतात हेच पाणी १०-१५ टक्क्यांवर येतं. म्हणजे हिवाळ्यात प्यायच्या पाण्याची गरज वाढते आणि नेमकं तेव्हाच पाणी बर्फासारखं गार असल्याने घोडा कमी पितो. पोटातली कोरडी वैरण मग मोठ्या आतड्यात, जिथे ते वळसा घेऊन एकदम अरुंद होतं तिथे, अडकून बसते. हिवाळ्यातल्या पोटशुळाचं हे ठरलेलं कारण आहे, आणि पोटशूळ घोड्याचा जीव घेतो.

पाणी साधारण ७ ते १८ अंशांच्या दरम्यान असेल तर घोडे चांगलं पितात. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी दिलं तरी मोठा फरक पडतो, विशेषतः वैरण खाऊन झाल्यावर लगेच. घोडे बहुतेक पाणी खाण्याच्या आसपासच पितात, तेव्हा गरम बादली त्याच वेळी समोर यायला हवी. अर्ध्या तासाने आणलीत तर तो तिला नुसतं हुंगतो.

हीटर नसेल तर टाकी जितकी मोठी तितकी ती उशिरा गोठते, हे ध्यानात ठेवा. टाकीभोवती लाकडी खोकं करून मधल्या पोकळीत थर्माकोल भरा, वरचा दोन तृतीयांश भाग झाका आणि तोंड उन्हाकडे ठेवा. बर्फ फोडल्यावर तुकडे काढून टाका, नाहीतर तेच पुन्हा एकमेकांना चिकटतात. पाण्यात चेंडू सोडणे, मिठाच्या पाण्याची बाटली तरंगत ठेवणे वगैरे युक्त्या किंचित थंडीत चालतात. उणे दहाला त्यांच्यावर विसंबू नका. गोठू नये म्हणून पाण्यात कुठलंही रसायन मिसळायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. नळीने पाणी भरत असाल तर प्रत्येक वेळी ती पूर्ण रिकामी करून आत न्या. अर्धवट भरलेली नळी सकाळी काठीसारखी ताठ होते आणि मग दिवस बादल्या वाहण्यात जातो.

हीटर असेल तर त्याचा एक सापळा आहे. टाकी भरलेली, पाणी कोमट, आणि घोडा मात्र पीत नाही. तो टाकीपाशी येतो, मान खाली घालतो, मिशांचे केस पाण्याला टेकतात न टेकतात तोच डोकं झटक्यात वर घेतो. वरचा ओठ दुमडतो, दोन पावलं मागे सरकतो, आणि जाऊन कुंपणापाशी बर्फ चाटायला लागतो. असं दिसलं की पाण्यात वीज उतरतेय असा संशय घ्या. तुम्ही रबरी बूट घालून हात बुडवलात तर काहीच जाणवणार नाही. घोडा मात्र लोखंडी नालांवर, ओल्या जमिनीवर उभा असतो. हीटर ताबडतोब बंद करा, मीटर लावून तपासून घ्या, आणि तबेल्याच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, बसवून घ्या. वायर दातांच्या टप्प्यात राहणार नाही अशी पाइपातून न्या.

‘बर्फ खाईल की’ असं कुणी म्हणेल. एक लिटर पाणी व्हायला ताजा भुसभुशीत बर्फ साधारण दहा लिटर लागतो, आणि तो पोटात वितळवायला अंगातलीच उष्णता जाते. त्यावर दिवसाची गरज भागवायची म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

रोज २५ ते ३० ग्रॅम साधं मीठ खुराकात मिसळा. गार पडलेला मिठाचा खडा घोडे पुरेसा चाटत नाहीत, आणि मीठ पोटात गेलं की तहान आपोआप लागते. लीद बघत राहा: लहान, कडक, वरून चिकट पातळ आवरण असलेले गोळे पडू लागले की पाणी कमी पडतंय. धडधाकट घोडा दिवसाला साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो. सकाळी ठाण साफ करताना ढीग मोजायला दहा सेकंदही लागत नाहीत.

४. वैरण: घोड्याची शेगडी पोटात असते

थंडी वाढली की चंदी वाढवायची, हा जुना समज अजून टिकून आहे. दाण्याने ऊर्जा मिळते हे खरं, पण ऊब येते ती मुख्यतः तंतुमय वैरणीतून. मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्या प्रक्रियेत तासन्‌तास उष्णता तयार होत राहते. दाणा लहान आतड्यातच पचून जातो, आणि एकदम जास्त दिला तर पोटशूळ किंवा खुराचा दाह मागे लागतो. त्यामुळे पहिली वाढ नेहमी वैरणीत.

नेहमीचं प्रमाण म्हणजे वजनाच्या दीड ते दोन टक्के, अर्थात ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो वाळलेलं गवत. घोडा ज्या तापमानाखाली जास्तीची ऊर्जा जाळायला लागतो, त्याच्या खाली प्रत्येक अंशाला साधारण दोन टक्के खाणं वाढवा. समजा पूर्ण केसांचा घोडा आहे आणि रात्री पारा उणे २० वर जाणार आहे. उणे ८ पासून फरक झाला १२ अंशांचा, म्हणजे सुमारे २४ टक्के वाढ. दहा किलोची वैरण झाली साधारण साडेबारा किलो. वारा किंवा ओल असेल तर याहून जास्त धरा. आंबण्याच्या क्रियेला वेळ लागतो, त्यामुळे कडाका येणार असं कळलं की आदल्या दिवसापासूनच वाढ सुरू करा.

‘दोन पेंढ्या’, ‘तीन कवळे’ अशा हिशेबाने जाऊ नका. एकाच शेतातल्या दोन पेंढ्यांत किलोभराचा फरक सहज निघतो. आठवड्यातून एकदा तरी काट्यावर टांगून बघा.

रात्रीचा मोठा भाग शेवटच्या फेरीला टाका, कारण पारा पहाटेच सगळ्यात खाली असतो. जाळीत भरून दिलीत तर ती जास्त वेळ पुरते. पण नाल असलेल्या घोड्याला जाळी खाली लोंबू देऊ नका, पाय अडकतो. गवत देण्याआधी मूठभर घेऊन नाकाशी धरा. झटकल्यावर करडी धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर ते फेका, थोडं झाडून चालेल असा विचार करू नका. बुरशीने श्वासाचे आजार होतात, आणि पावसा-बर्फात उघड्यावर पडलेल्या मोठ्या गोल गाठोड्यांतून स्नायू लुळे पाडणारं बॉट्युलिझमचं विषही पोटात जाऊ शकतं.

कोंड्याची गरमागरम पेज देणं हा पुष्कळांचा आवडता रिवाज आहे. घोड्याला ती आवडते, पाणीही थोडं पोटात जातं. पण रोजच्या खाण्यात नसलेली गोष्ट आठवड्यातून एकदा अचानक दिली की आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचा तोल जातो, आणि कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या मानाने फार जास्त असतं. द्यायचंच असेल तर त्याचा नेहमीचाच खुराक कोमट पाण्यात भिजवून द्या. भिजवलेला बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटचा चोथा) किंवा गवताच्या गोळ्या पाणी पोटात घालण्यासाठी उत्तम, फक्त गोठायच्या आत खाऊन संपतील इतक्याच द्या.

तट्टू आणि खुराच्या दाहाची सवय असलेले घोडे यांना दव गोठलेल्या सकाळी उन्हात चमकणाऱ्या कुरणापासून दूर ठेवा. रात्री गारठा आणि दिवसा ऊन असलं की गवताची वाढ थांबते पण त्यात साखर साठत राहते.

५. आडोसा हवा, कोंडी नको

तीन बाजूंनी बंद आणि एक बाजू उघडी अशी शेड घोड्याला पुरते. उघडी बाजू नेहमीच्या वाऱ्याकडे नसावी, एवढंच. कळपात एखादा दांडगट घोडा दुसऱ्याला आत येऊच देत नाही. तेव्हा शेडमध्ये जागा किती यापेक्षा रात्री खरोखर आत कोण उभं आहे ते एकदा दिवा घेऊन पाहून या.

बंद तबेला असेल तर मोह आवरा. दारं-खिडक्या, फटी सगळं बुजवलं की आत उबदार वाटतं, आणि दोन दिवसांत छताला पाण्याचे थेंब लटकायला लागतात. मुतातला अमोनिया डोळ्यांना झोंबू लागला म्हणजे घोड्याच्या फुफ्फुसाला तो केव्हाच झोंबतोय. खाली गुडघ्यांवर बसा आणि तिथे श्वास घ्या, कारण शिंगरू आणि पडून झोपलेला घोडा तीच हवा घेतो. वरच्या फटी, छताजवळचे झरोके उघडे ठेवा. अंगावर थेट झोत येणार नाही इतकंच पाहा. ओली अंथरूण-काडी रोज काढा आणि कोरड्याचा थर नेहमीपेक्षा जाड ठेवा.

उष्णता देणारे दिवे लावणं मला अजिबात मान्य नाही. वाळलेलं गवत, धूळ आणि कोळिष्टकं असलेल्या जागेत तो आगीला आवतण आहे.

६. ब्लँकेट: कोणाला आणि कसं

गरज कोणाला? केस कापलेल्या घोड्याला, म्हाताऱ्याला, वाळलेल्याला, आजाऱ्याला, उबदार मुलखातून नुकत्याच आलेल्याला आणि ज्याला पाऊस-वाऱ्यापासून आडोसाच नाही त्याला. बाकीच्यांना सहसा नाही. घोडा थंडीत केस उभे करतो आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर धरून ठेवतो. वरून पातळ ब्लँकेट टाकलं की केस दबतात, तो थर जातो आणि ब्लँकेट त्याची भरपाई करण्याइतकं जाड नसतं. पाठीवर बर्फ साचून न वितळता तसाच राहिलेला घोडा बघून लोक हळहळतात. खरं तर त्याच्या अंगातली ऊब बाहेर जात नाहीये याचीच ती खूण आहे.

घालायचं ठरवलं तर:

- माप छातीच्या मध्यापासून बाजूने पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत घ्या. पुढे बक्कल लावल्यावर छातीशी तळहात सहज आत जावा. पोटाखालचा पट्टा आणि पोट यांत हाताचा पंजा मावेल एवढीच ढील ठेवा; जास्त सैल असेल तर उठताना खूर अडकतो.
- आतलं भरण दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते लेबलवर असतं. शून्य भरण म्हणजे फक्त पावसापासून बचाव, १५०-२०० मध्यम, ३०० च्या पुढे जाड. एक जलरोधक आणि आत एक वेगळं लावता येणारं अस्तर घेतलं तर तीन ब्लँकेटांचं काम होतं.
- ओल्या किंवा घामेजलेल्या अंगावर जलरोधक ब्लँकेट कधीच नाही. आधी फ्लीस टाकून सुकवा.
- रोज पूर्ण काढा. मानेच्या मुळाशी, खांद्यांवर, छातीवर केस गेलेत का, काचलंय का ते बघा, खरारा करा, मग पुन्हा घाला. आठवडाभर न काढलेल्या ब्लँकेटखाली उवा, खपल्या धरणारा त्वचेचा जंतुसंसर्ग आणि उतरलेलं वजन, तिन्ही लपून राहतात.
- दुपारी ऊन पडलं की ब्लँकेटखाली खांद्यामागे हात घाला. ओलसर लागलं तर भरण जास्त झालंय. नुसत्या कानांच्या गारठ्यावरून निष्कर्ष काढू नका.

७. खूर आणि पायाखालची जमीन

नाल असलेल्या खुरात बर्फ दाबला जातो, नालाच्या लोखंडाशी वितळून पुन्हा गोठतो आणि बघता बघता खुराखाली टणक गोळा तयार होतो. घोडा उंच टाचांवर चालल्यासारखा डुगडुगतो, सांध्यांवर ताण येतो, पाय मुरगळतो. काम नसेल तर नालबंदाशी बोलून हिवाळ्यापुरते नाल काढणं सगळ्यात सोपं. नाल हवेच असतील तर बर्फ बाहेर ढकलणाऱ्या खास रबरी गाद्या आणि पकड देणारे खिळे बसवून घ्या. तळव्याला व्हॅसलीन चोपडल्याने बर्फ तात्पुरता कमी चिकटतो, फार तर तासाभराच्या फेरीपुरता. गोळा धरलाच तर आकडीने ओरबाडू नका; बाजूने हातोडीने हलकेच ठोका, सैल झाला की निघतो.

थंडीत खूर सावकाश वाढतात, तरी नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे ढकलू नका.

चिखलात उमटलेल्या टापा रात्रीत दगडासारख्या गोठतात आणि त्यावरून चालून तळव्याला मुका मार बसतो. फाटकाजवळचा आणि टाकीजवळचा भाग गोठण्याआधीच सपाट करून घ्या. काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर रेती किंवा राख टाका. मोकळं गवत टाकलं तर ते बर्फावर सरकतं आणि घोडा त्यासह घसरतो. तळं किंवा डबकं आवारात असेल तर त्याला कुंपण हवंच, बर्फावर चालत जाऊन मधोमध खाली गेलेला घोडा बाहेर काढणं जवळपास अशक्य असतं.

८. फेरफटका आणि काम

थांबवू नका, कमी करा. दिवसभर ठाणात उभ्या घोड्याचे पाय सुजतात आणि आतडीही मंदावतात. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालवा, पुठ्ठ्यांवर पांघरूण टाकून. लगामाची कडी आधी हातात किंवा कोमट पाण्यात गरम करा. गोठलेलं लोखंड जिभेला चिकटतं. कडाक्यात जोराची दौड नको, कारण गार कोरडी हवा श्वासनलिकेला इजा करते. घाम येईल असं काम केलंच तर सुकवायला लागणारा तासभर आधीच हाताशी ठेवा.

९. हिमवादळाचा इशारा आला की

वैरण तीन दिवसांची तबेल्याच्या आत आणा. सगळ्या टाक्या, बादल्या, रिकामे पिंप काठोकाठ भरा, कारण वीज गेली की पंपही बंद. घर ते तबेला अशी कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधा. वाऱ्याने बर्फ उडत असताना स्वतःचा हात दिसत नाही आणि वीस पावलांवरचं दारही चुकतं. फावडं दाराच्या आतल्या बाजूला ठेवा, बाहेर ठेवलंत तर ते काढायलाच फावडं लागेल. बिजागऱ्या आणि सरकत्या दारांच्या खाचा साफ करून घ्या.

घोडे आत ठेवायचे की बाहेर? भक्कम तबेला असेल तर आत. छप्पर जुनं असेल आणि त्यावर जड ओला बर्फ साचत असेल तर चांगला आडोसा असलेलं मोकळं आवार जास्त सुरक्षित. छत वाकू लागलं, दारं चौकटीत अडकू लागली किंवा वासे करकरू लागले तर आधी घोडे बाहेर काढा, बर्फ उपसायचं नंतर बघा. वादळ चालू असताना दर चार-सहा तासांनी पाणी आणि लीद तपासा, बाकी त्यांना खात उभं राहू द्या.

१०. पशुवैद्यांना कधी बोलवायचं

घोडा ठीक असताना त्याचे आकडे लिहून ठेवा, मग बिघाड कळतो. साधारण तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६.

थोडा वेळ कुडकुडणं म्हणजे अंग स्वतःला ऊब देतंय. त्याला वाऱ्यातून आत घ्या, कोरडा करा, समोर गवत टाका. तासाभरात थांबलं नाही, किंवा तापमान ३७ च्या खाली गेलं, किंवा आधी कुडकुडणारा घोडा आता मलूल होऊन शांत उभा आहे, तर फोन करा. हा शेवटचा प्रकार बघून ‘बरं वाटतंय त्याला’ असं समजणं घातक ठरतं.

पोटशुळाची लक्षणं: खाणं सोडणे, पाय आपटणे, वळून वळून कुशीकडे बघणे, वारंवार आडवं होणे, लोळणे, लीद बंद होणे. ताबडतोब समोरची वैरण काढून घ्या, फोन करा आणि नाडी मोजून सांगा. ६० च्या वर असेल तर ते आवर्जून सांगा. वेदनाशामक आपल्या मनाने देऊ नका, खरी स्थिती झाकली जाते. कानांची टोकं पांढुरकी, गार आणि बधिर झाली असतील तर ती चोळू नका, हळूहळू ऊब द्या. वादळात पशुवैद्य पोहोचू शकणार नसतील तर फोनवरून काय करायचं, हे थंडी सुरू होण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठेवा.

११. बर्फ वितळताना

गोठलेल्या बर्फापेक्षा वितळता बर्फ जास्त त्रास देतो. दुपारी चिखल, रात्री पुन्हा दगड, आणि मधल्या वेळात घोडा भिजलेला. घोट्यांखालचे केस रोज कोरडे करा. ओल्या चिखलाने तिथे भेगा आणि खपल्या धरतात. खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग काळा पडून त्याला घाण वास येत असेल तर तो कुजतोय, ठाण कोरडं ठेवा आणि नालबंदाला दाखवा. छपरावरून बर्फाची लादी धडाडत खाली येते, त्याच्या रेषेत घोडा बांधू नका.

वाढवलेली वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू मूळ प्रमाणावर आणा. पहिलं हिरवं गवत डोळ्यांना कितीही सुखावलं तरी पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांच्या वर चरायला सोडू नका, रोज तेवढीच मिनिटं वाढवत न्या, आणि सोडण्याआधी त्याचं पोट वाळल्या गवताने भरलेलं असू द्या.